एकसष्ट साड्या

“एकसष्ट जणांना साडी हवी आहे, वसुमतीताई. एकसष्ट!” ऋतुराजनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. “मिक्सरवर स्टीलचा डबा फ्री देतोय म्हटलं, तर लोक साडी मागतायत. तीन वाजता क्लायंट येतोय. मी सांगणार, डबा कॅन्सल करा आणि चार हजार साड्यांची ऑर्डर द्या.”

मी कागद हातात घेतले, पण वाचवेना. इतकी उत्तरं आली म्हणजे त्यांचा सर्व्हे जमला होता, आणि तो जमला म्हणजे माझी नोकरी गेली होती. साहेबांनी आम्हा चौघींना आठवड्यापूर्वीच बोलावून काही आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. हा पहिला ई-मेल सर्व्हे जमला, तर घरोघरी फॉर्म भरून घ्यायचं काम ऑगस्टअखेर बंद. फसला, तर तुम्ही आहातच. आणि एकोणीसशे नव्याण्णवचा ऑगस्ट उद्या संपत होता.

बावीस वर्षं मी चामराजपेटपासून मल्लेश्वरमपर्यंत दारं वाजवत हिंडले. साबण कुठला, चहापूड कुठली, डोक्याला तेल कुठलं, हेच विचारत. ऋतुराजना पुण्याहून येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. वय माझ्या भाच्याएवढं, आणि कन्नड ‘नमस्कारा’च्या पुढे सरकलेलं नाही. पण माणूस वाईट नव्हता. जूनमध्ये मला चहा पाजून त्यांनी विचारलं होतं, लोकांना बोलतं कसं करता? मीही भोळी, फुगून सगळं सांगून टाकलं. दहाच्या वर प्रश्न नकोत. वय आणि पगार अगदी शेवटी विचारा. किती मिनिटं लागतील ते आधीच सांगा. सोमवारी सकाळी कुणाला छेडू नका. एकदा विचारलं की आठवडाभर परत मागे लागू नका. आणि ज्याला ज्या भाषेत सुचेल, त्या भाषेत बोलू द्या. त्यांनी ते टाइप करून, वर ‘प्रॅक्टिकल टिप्स’ लिहून भिंतीवर डकवलं. आपल्या हातांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता मी, आणि तो रोज डोळ्यांसमोर लटकत होता.

पहिलं उत्तर जयनगरच्या एका बँक मॅनेजरचं होतं. डब्याबद्दल काय वाटतं, या प्रश्नापुढे इंग्रजी अक्षरांत एकच शब्द: एस, ए, आर, आय. दुसरं एका कॉलेजच्या प्राध्यापकाचं, तेही तसंच. तिसरं, चौथं, पाचवंही तेच.

“हे तर बहुतेक सगळे पुरुष आहेत,” मी म्हटलं.

“बायकोसाठी मागत असतील,” ऋतुराज हसले. “इथले नवरे भलतेच रोमँटिक दिसतायत!”

मीही हसले, आणि हसता हसता माझी नजर त्या चार अक्षरांवर अडकली. ती साडी नव्हतीच. ती ‘सरी’ होती. कन्नडात सरी म्हणजे बरं, ठीक आहे. आमच्या घरच्या मराठीतही तो शब्द तीनशे वर्षांपूर्वी शिरून बसलाय. मीच सुचवल्याप्रमाणे लोकांनी आपल्या भाषेत उत्तर दिलं होतं, आणि इंग्रजी अक्षरांत साडी आणि सरी एकच दिसतात. त्यातून दारात उभ्या बाईने ‘सरी’ म्हटलं, म्हणजे तिला डबा आवडला असंही नाही. ऐकलं, आता निघा, इतकंच तिला सांगायचं असतं.

मी कागद तसेच परत ठेवले. जेवणाच्या सुट्टीत कस्तुराबाईला तेवढं सांगितलं. ती आम्हा चौघींत सगळ्यांत धाकटी.

“अक्का, देवानेच धाडलंय हे,” ती कुजबुजली. “तुमी गप बसा. येऊ देत की चार हजार साड्या! मग बगा, सायेब हात जोडून बोलावतील आपल्याला.”

“आणि त्या माणसाचं काय होईल गं?”

“आपलं काय होईल म्हणून इचारलं का त्याने?”

खरंच होतं तिचं. मी तासभर गप्प बसले. मला दोन वर्षं हवी होती फक्त, माझ्या लेकीचं, रक्षिताचं, बी.कॉम. संपेपर्यंत. पण बावीस वर्षांत एकाही बाईच्या तोंडी मी तिने न दिलेलं उत्तर घातलं नव्हतं. भर उन्हात दार तोंडावर आपटलं, तरी फॉर्म घरी बसून भरला नव्हता. आणि खरं सांगते, मनात एक आशाही होती. यांना एकदा दिसू दे की कॉम्प्युटरला सरी कळत नाही, तिथे माणूसच लागतो. मग कशाला काढतील आम्हाला?

पावणेतीनला मी ऋतुराजांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं.

ऋतुराज खुर्चीतून उठलेच. “म्हणजे एकानेही साडी मागितली नाही?”

“एकानेही नाही.”

“माय गॉड,” ते म्हणाले आणि कागद गोळा करून धावतच सुटले.

साडेचारला परतले ते खुशीत. “क्लायंट एकदम इम्प्रेस झाला, ताई! म्हणाला, इतकं बारीक कोणी बघत नाही. पुढचे तीन सर्व्हे आपल्यालाच, आणि सगळे ई-मेलवर!” बोलता बोलता त्यांनी भिंतीवरच्या कागदावर पेनने एक ओळ वाढवली: स्थानिक शब्दांची यादी आधीच करून घ्यावी.

“म्हणजे सर्व्हे जमला?”

“जमला म्हणजे काय, साहेब स्वतः...” ते मध्येच थांबले. त्यांनाही आत्ताच आठवलं असावं. “सॉरी, ताई. मी त्यांच्याशी बोलून बघतो.”

“नको,” मी म्हटलं. धक्का नोकरी गेल्याचा नव्हता. बावीस वर्षं शिकलेलं एका ओळीत मावलं, याचा होता.

त्यांनी चाचरत विचारलं, “ती यादी... तुम्ही सांगाल? उद्यापासून कोणाला विचारणार मी?”

मी बसले आणि सांगत गेले. नोडोणा म्हणजे बघू या, म्हणजे घेणार नाहीत. बिडी म्हणजे राहू द्या, तिथे पुन्हा विचारू नका. स्वल्प म्हणजे थोडं, पण किती ते माणूस बघून ठरवायचं. पाठपोट एक कागद भरला.

“थँक्यू, ताई. तुमचा ई-मेल आयडी द्या ना, मी नीट आभाराचं पत्र पाठवतो.”

“आयडी नाही. घरचा पत्ता घ्या.”

त्यांनी लिहून घेतला. नाव, घर नंबर, चौथा मेन रोड, चामराजपेट. पिनकोड काही त्यांनी विचारला नाही. पिनकोडशिवाय मी आजवर एकही फॉर्म सोडलेला नव्हता.

“पाच सहा शून्य, शून्य एक आठ,” मी सांगितलं.

त्यांनी पेनला टोपण लावून टाकलं होतं.