दोनशे ओळी आणि कांद्याचा भाव

मी ब्लॉग लिहिते. तोही मराठीत, आणि तोही वेबपेज स्क्रीनवर कसं उमटतं यावर. घरचे विचारतात, वाचतं कोण? वाचतात हो. खडकीचे उत्तरेश्वर वाघमारे वाचतात. दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते, निवृत्त झाले, पण तपासायची खोड काही गेली नाही.

गेल्या महिन्यात मी ठणकावून लिहिलं होतं, की आमच्या ऑफिसात वापरतात ते फ्रेमवर्क, म्हणजे पेज बांधायचा तयार सांगाडा, निव्वळ उधळं आहे. मार्केट यार्डच्या भावांची दोनशे ओळींची यादी घ्या. एकट्या कांद्याचा आकडा बदलला तरी ते दोनशेच्या दोनशे ओळी नव्याने रंगवतं, म्हणजे स्क्रीनवर पुन्हा काढतं. लेख गाजला. इतका, की आमच्या सलिल सरांनी तो वाचून ऑफिसचं भावांचं पेजच मोडीत काढायचं मनावर घेतलं. ते पेज माझ्या शेजारी बसणाऱ्या चेतनने तीन महिने खपून त्याच फ्रेमवर्कवर बांधलेलं. सोमवारी निर्णय होता.

रविवारी सकाळी वाघमारेंची प्रतिक्रिया आली. "आपण ओळी रंगताना पाहिल्यात, की अंदाजपंचे?"

अस्सा राग आला! पण डोक्यात किडा वळवळायला लागला. मी खरंच पाहिलं काय होतं? प्रत्येक ओळीच्या कोडमध्ये, तो कोड चालला की उमटेल अशी एक खूण घातली होती. आकडा बदलल्यावर दोनशे खुणा उमटल्या, म्हणून दोनशे ओळी रंगल्या असं मी धरून चालले होते.

ब्राउझरमध्ये एक सोय असते. जो भाग नव्याने रंगतो तो क्षणभर हिरवा चमकतो. ती सुरू केली आणि कांद्याचा भाव बदलला. कांद्यापाशी एवढासा हिरवा चौकोन चमकला. बाकी यादी ढिम्म. मग लसूण बदलला, मिरची बदलली, मेथी बदलली. चहा गार झाला तरी माझं चालूच. म्हणजे हे फ्रेमवर्क दोनशे ओळी मनातल्या मनात मांडतं, जुन्यांशी ताडून बघतं आणि फरक असेल तेवढाच स्क्रीनवर पाठवतं. काय शहाणं आहे! मला हसूच फुटलं. मग चेतन आठवला.

त्याला लगेच फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली, लेख आत्ताच्या आत्ता दुरुस्त करते म्हटलं.

"अगं उल्का, मी शुक्रवारीच सरांना लिहून दिलं, चूक माझी म्हणून," तो म्हणाला. "मला तो हिरवा चौकोन दिसला होता गं. पण तू लिहिलंयस म्हटल्यावर वाटलं, मलाच कळत नसेल."

फोन ठेवला, लेख उघडला आणि शीर्षकाच्याही वर लिहिलं: मी न बघता लिहिलं. चेतन बरोबर होता. मग ती लिंक सलिल सरांना पाठवली.