आडाचं पाणी आणि शहर बस

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे, मित्रांनो. जुना म्हणा, हरकत नाही. पण अंगावरचे पोचे मोजत बसू नका. जो हिंडतो त्यालाच पोचे पडतात. फडताळात बसून चकाकणाऱ्या ताटांशी माझी बरोबरी करायची नाही.

माझा जन्म उदगीरचा. तिथल्या कासारानं पितळेचा पत्रा ठोकून माझं पोट गोल केलं, गळा काढला, धरायला कडी बसवली. झाकणाचे आटे पाडायला त्याला दोन दिवस लागले. झाकण फिरवून घट्ट केलं की मला उलटं टांगा, थेंब गळायचा नाही. अहमदपूरच्या कापडवाल्या बसलिंगप्पांनी मला विकत घेतलं आणि नव्या नवरीच्या, नागम्माच्या, हाती दिलं.

नागम्मा शाळेत दोनच वर्षं गेलेली. पण बोलणं असं, की समोरचा उत्तर शोधत घरी जाई. रोज सकाळी ती गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेई, त्यावर माझ्यातल्या पाण्याची धार धरी, आणि पूजा झाल्यावाचून स्वतः घोटभर पाणी घेत नसे. हा नेम त्यांच्या घरात सगळ्यांचाच. पण बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, आणि बसलिंगप्पांनी परसात स्वतःच्या हातानं खणलेल्या आडाला वाटी-वाटीनं का होईना, पाणी राहिलं. त्या साली नागम्मानं नेमाला आपली गाठ मारली. लिंगावर पाणी पडेल ते याच आडाचं. मठाच्या स्वामींनी सांगून पाहिलं, की असं काही धर्मात नाही. ती म्हणाली, "धर्मात नसंल. माझ्यात हाय."

बसलिंगप्पा गेले आणि दुकान तिनं अंगावर घेतलं. पुढे आमचा लातूर जिल्हा नवा झाला. सगळे व्यापारी लातूरकडे तोंड करून बसले. ही मात्र माल भरायला नांदेडलाच जाई. "कचेऱ्या लातुरात गेल्या म्हणून लुगडी नांदेडात बिघडली का?" असं विचारी. तीन-तीन दिवसांचा मुक्काम, राहायला मठातली खोली, सोबत सून सिंधू आणि आडाचं पाणी पोटात घेऊन मी.

दिवसभर दुकानांचे उंबरे झिजवले की संध्याकाळी नागम्मा सिंधूला खोलीवर सोडून, मला घेऊन शहर बसमध्ये बसायची. पाटी तिला वाचता येत नव्हती आणि तिचं त्यावाचून अडतही नव्हतं. जिला खिडकीची जागा रिकामी, ती बस आपली. स्टेशन, वजिराबाद, गुरुद्वारा, इतवारा, पूल. मी तिच्या मांडीवरून सगळं नांदेड पाहिलं, मित्रांनो. मलप्पा नावाचा कंडक्टर तिला ओळखू लागला होता.

"अव्वा, उतरायचं कुठं?"

"तुझी बस जिथं दम खाती तिथं."

"आन् मंग?"

"मंग तिच्यासंगं मीबी दम खाईन आन् परत येईन. तिकीट फाड, चौकशा नको करू."

सिंधू सातवी शिकलेली. पाट्या वाचायची, पण अनोळखी माणसाला वेळ विचारायची म्हटली तरी पदर तोंडात धरायची. नागम्मा तिला म्हणे, "वाचायला येतंय अन् विचारायला येत न्हाई. अर्धीच शाळा शिकून आलीस गं."

मग पुन्हा पावसानं पाठ फिरवली. त्या उन्हाळ्यात आम्ही नांदेडला गेलो. दुसऱ्या संध्याकाळी बस गोदावरीच्या पुलावर आली. खाली नदी नव्हती, वाळू होती; आणि वाळूत बायका झिरे उकरून वाटीनं घागरी भरत होत्या. नागम्मानं मला सीटखाली ठेवलं आणि पलीकडच्या खिडकीशी उभी राहून बघत राहिली. पूल मागं पडला तरी ती मान वळवून वाळूकडेच बघत होती. उतरली ती तशीच. मला विसरून.

माझं पुढे काय झालं ते ऐका. पुढच्या फेरीत चढावर बस तापली, वाफ फुसफुसली. ड्रायव्हरनं इकडे-तिकडे पाहिलं, माझं झाकण फिरवलं आणि नागम्माच्या आडाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतून मोकळा झाला. मलप्पा ओरडला, तोवर मी रिकामा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागम्मानं लिंग तळहातावर घेतलं आणि तसंच पुन्हा गळ्यात बांधलं. पूजा नाही म्हणून चहा नाही, पाणी नाही. माल संध्याकाळी बांधून मिळणार होता, आणि तो सोडून गावी जायला ती तयार नव्हती. मे महिन्याचं ऊन. दुपारपर्यंत तिची जीभ टाळूला चिकटली. मी तिथं नव्हतो, मित्रांनो. हे सगळं मला नंतर सिंधूच्या तोंडून कळलं.

"आत्या, घोटभर तरी घ्या."

"मराया न्हाई लागले. तू तुझं जेव."

सिंधू जेवली नाही. उठली आणि एकटी बाहेर पडली. स्टँडवर विचारलं, चहावाल्याला विचारलं, तीन कंडक्टरांना विचारलं, दोन चुकीच्या बसमध्ये बसली. दिवस कलताना मलप्पाच्या बसमध्ये चढली, तेव्हा विचारून विचारून घसा बसला होता. मलप्पानं मला तिच्या हातात दिलं आणि मान खाली घातली.

"पानी इंजनात गेलं, वैनी. त्या नळाचं भरा अन् आडाचंच हाय म्हना. म्हातारीचा जीव वाचंल. कोन सांगतंय?"

सिंधू खाली उतरली. स्टँडच्या नळावर जाऊन रांगेत उभी राहिली. नळाला करंगळीएवढी धार होती. तिच्या हातात मी गरम झालो होतो. मला वाटत होतं, खरं बोलली तर नागम्मा पाणी घेणार नाही. खोटं बोलली तर इतक्या वर्षांचा नेम फसवून मोडेल. दोन्हीपैकी एक माझ्यातूनच ओतलं जाणार होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

खोलीत नागम्मा भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटले होते. मला पाहून तिचे डोळे हलले. सिंधूनं मला तिच्यापुढे ठेवलं.

"आत्या, तांब्या घावला. पानी न्हाई घावलं. बस तापली म्हनून त्यांनी इंजनात वतलं. ह्यात स्टँडवरच्या नळाचं हाय."

नागम्मानं माझं झाकण फिरवून आत पाहिलं.

"नळावर लाइन व्हती?"

"हाव. पंधरा-वीस घागरी असतील."

"बाईमानूस, तहानलेली, म्हनून मधी घुसलीस?"

"न्हाई. उभी राहिले. सगळ्यांच्याच घरी कुनीतरी तहानलेलं असंल की."

"किती येळ?"

"तास-दीड तास."

नागम्मानं गळ्यातलं लिंग सोडलं, तळहातावर घेतलं आणि हात पुढे केला.

"मंग हेबी आडासारखं कष्टाचंच पानी. बघतीस काय? वत."

सिंधूनं मला कलतं केलं आणि धार सरळ पडली. पूजा झाल्यावर नागम्मानं आधी सुनेला पाणी दिलं, मग स्वतः प्यायली, आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला वजिराबादेत भाव तू करायचास. मी बसनं हिंडून येईन."

मित्रांनो, आता मी काचेच्या कपाटात असतो. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवतात. झाकण गच्च बसलंय, ते कुणी फिरवत नाही. मला चिंचेनं घासा, आट्यांना तेलाचं बोट लावा, एवढं कराच. पण शोभेला ठेवू नका. मला भरा, कुठल्याही नळावर भरा. फक्त तिथं तुमच्याआधी कुणी उभं असेल, तर त्याची घागर आधी भरू द्या.