हॉकीच्या काठीला कुंकू

मी चौथी शिकलेली बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या वतीनं दुसऱ्या कुणी सांगायला नको. परवा खंडेनवमीला माझ्या पोटच्या पोरानं ते चारचौघांत सांगितलं, वर माझ्यासाठी माफी मागितली, आणि ते अजून माझ्या घशात अडकलंय.

सिंगापुरात बर्फ पडत नाही. डिसेंबरातसुद्धा पंख्याखाली घाम येतो. पण पश्चिमेकडच्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर बर्फाचं मैदान आहे, आणि माझा नातू धवल त्यावर हॉकी खेळतो. इथे पोरांना सक्तीची असतात ती मिलिटरीची दोन वर्षं संपवून युनिव्हर्सिटीत गेला तेव्हापासून तो त्यांच्या टीमचा गोलकीपर. त्याची एक मॅच मी चुकवलेली नाही. नऊवारीवर शैलेंद्रचं जुनं जॅकेट, पायात लोकरीचे मोजे, डोक्याला मफलर. मरीन परेडच्या घरून बस, मग एमआरटीची ट्रेन. धवलच्या सामानाच्या बॅगेला असा वास येतो की बसमध्ये आपोआप जागा होते. टीममधली चिनी पोरंसुद्धा मला आजीच म्हणतात, आणि माझ्या चकल्या संपवतात.

शैलेंद्र, म्हणजे माझा मुलगा, धवलचा बाप, कधी आला नाही. शनिवारीसुद्धा त्याची मीटिंग असते. पण यंदा सगळ्या युनिव्हर्सिट्यांच्या अजिंक्यपदाची फायनल होती, आणि समोरच्या टीममध्ये त्याच्या साहेबांचा मुलगा सारंग. चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात ज्यांच्या केबिनबाहेर हा उभा असतो ते रवींद्र सर, बुकित तिमाहच्या बंगलेवाल्या वस्तीतले. ते येणार म्हटल्यावर शैलेंद्रनं नवा शर्ट काढला. पोरगा इतकी वर्षं खेळतोय हे त्याला त्या शर्टामुळे आठवलं.

फायनल आली नेमकी खंडेनवमीला. आम्ही इचलकरंजीचे, घरात माग होते. खंडेनवमीला माग धुऊन पुसून त्यांना कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायचे नाहीत. कोरडं कुंकू धडधडीनं उडतं, म्हणून ते तेलात कालवायचं. सासूनं शिकवलं, मी करत आले. इथे माग नाहीत, म्हणून काय घरात हत्यार नाही? सकाळी पाटावर मी धवलचे स्केट, जाळीचा मुखवटा आणि ती रुंद पात्याची काठी मांडली. लिटल इंडियातून आणलेला झेंडू वाहिला. काठीच्या पात्यावर तेलातल्या कुंकवाची पाच बोटं ओढली.

धवल पाया पडला आणि म्हणाला, "आजी, पण आज हे वापरायचं नसतं ना?"

"ऑर्डर अर्जंट असली की तुझे आजोबा नारळ फोडून मागाची परवानगी घ्यायचे. तूही घे."

त्यानं काठीपुढे हात जोडले. "स्टिक, कॅन ऑर नॉट?"

"कॅन," मी म्हटलं. नारळ फोडला.

शैलेंद्र तेव्हा गॅलरीत फोनवर बोलत होता. त्यानं पूजेकडे पाहिलंसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा.

फायनलला आम्ही सगळे एका रांगेत. मी, सून मीनल, शैलेंद्र, मग रवींद्र सर आणि त्यांच्या सुलेखाबाई. दुसऱ्या डावात दोन-दोन अशी बरोबरी होती. समोरची पोरं गोलवर तुटून पडली. धवल आडवा झाला, काठी बर्फावर घासत नेली, दोनदा अडवलं, तिसऱ्यांदा चकतीवर अंग टाकलं. मी जागेवरून उठले होते. तेवढ्यात अंपायरनं शिट्टी मारली.

गोलसमोर पांढऱ्या बर्फावर लालभडक रेघा.

इथे नियम आहे, खेळाडूला रक्त आलं की खेळ थांबवतात, आणि रक्त थांबेपर्यंत त्याला बाहेर बसवतात. अंपायरनं धवलचा मुखवटा काढायला लावला, हनुवटी बघितली, मान बघितली, हातमोजे काढायला लावले. मला माहीत होतं ते काय आहे. पण त्या गडबडीत याला बाहेर बसवला तर? याच्या जागी उभं राहणारं पोर अजून नीट उभंही राहत नाही.

धवलनं काठी उलटी करून दाखवली. अंपायरनं बोट लावून वास घेतला. धवलनं वर माझ्याकडे बोट केलं. तो अंपायर, चांगला पन्नाशीचा चिनी माणूस, सरकत काचेपाशी आला.

"आँटी, धिस वन यू पुट, आह?"

"येस. पूजा."

"माय मदर ऑल्सो. एव्हरी इयर शी प्रे टू माय कार. बट आइस कॅनॉट, आँटी. ही वाइप, ही प्ले. ओके?"

"ओके," मी म्हटलं.

मिटलं. धवलनं फडक्यानं पातं पुसलं, बर्फ खरवडला, मुखवटा चढवला. चहाला उकळी येण्याआधी सगळं आटोपलं होतं. परका माणूस, वेगळा धर्म, आणि त्याला एका वाक्यात कळलं.

कळलं नाही ते आमच्या रांगेला.

"अगबाई, कुंकू?" सुलेखाबाई हसायला लागल्या. "काकू, आइस हॉकीलाही?"

रवींद्र सर म्हणाले, "काय रे शैलेंद्र, आमची पोरं रंगात आली होती, तुम्ही गेमच थांबवलात."

ते हसत म्हणाले होते, हे मान्य. पण शैलेंद्र उभा राहिला. ऑफिसात राहतो तसा.

"सॉरी सर. आई आमची खेड्यातली. चौथीपर्यंत शाळा, तिला काय कळतंय. मी तिला सांगितलं होतं असलं काही करू नकोस म्हणून."

इचलकरंजीला खेडं म्हणणारा इचलकरंजीचा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आणि सांगितलं कधी होतं? गॅलरीतून?

मग माझ्याकडे वाकून हळूच, "आई, तू जरा खाली फूड कोर्टमध्ये बसतेस का? चहा आणून देतो. मॅच संपली की बोलावतो."

"कुणाची मॅच संपली की?"

"आई, प्लीज. तमाशा नको."

"तमाशा कोण करतंय? मी बसलेय. उभा तू आहेस. मागच्यांना दिसत नाही, खाली बस."

मागची दोन पोरं खरंच मान वाकडी करून बघत होती. तो बसला.

मग मी सुलेखाबाईंकडे वळले. मीनलनं माझ्या कोपराला हात लावला, मी तो बाजूला केला. "सकाळी आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो तुम्हीच टाकला होता ना? ओळीनं लॅपटॉप, वर गाडीची किल्ली, सगळ्यांना कुंकू. छान होता."

"ते घरात हो, काकू. शास्त्रापुरतं."

"मग लॅपटॉपला लावलं की संस्कार, आणि काठीला लावलं की खेडवळ? आमच्यात जे काम करतं त्याला लावतात. फोटोला नाही."

त्यांनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

शेवटच्या डावात समोरच्यांनी एक गोल केला आणि आम्ही हरलो. धवलच्या पायांमधून गेली चकती. पोरगं गुडघ्यावर तसंच बसून राहिलं. मग उठून ओळीत गेला, सगळ्यांशी हात मिळवले. सारंगला मिठी मारली.

साहेबांनी गाडीतून सोडायचं विचारलं. शैलेंद्र लगेच हो म्हणाला. मी म्हटलं, आम्ही बॅगवाले, आम्ही ट्रेननं जातो. मग लाजेखातर तोही ट्रेनमध्ये आला, आणि सगळी वाट मोबाइलमध्ये बघत बसला. उतरायच्या बेतात म्हणतो, "तो गेम थांबला नसता तर रिदम गेला नसता."

म्हणजे हरल्याचंही खापर माझ्यावर.

"बाबा," धवल म्हणाला, "पायांत गॅप राहिली. माझी मिस्टेक. आजी गॉट नथिंग टू डू विथ इट, लाह."

"मी कुठे काही म्हटलं?"

"म्हणालास," मी आणि धवल एकदमच बोललो.

काल दसरा. सकाळी शैलेंद्र आंघोळ करून, नवा सदरा घालून माझ्यापुढे आला आणि दरवर्षीसारखा पाया पडायला वाकला. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तो तसाच वाकलेला.

"आई?"

"जे चारचौघांत बोललास ते एकांतात वाकून फिटत नाही. फोन लाव तुझ्या साहेबांना."

"आज सणाचा दिवस आहे."

"म्हणूनच. घरी असतील."

"आई, ते माझे बॉस आहेत. कसं दिसेल ते?"

"मी कशी दिसले काल?"

तो मीनलकडे बघायला लागला. मीनल सिंककडे तोंड करून धुतलेलीच वाटी धूत होती. धवल दारात टेकून उभा होता, तोंडात श्रीखंडाचा चमचा. कुणी मदतीला येईना. शैलेंद्रनं फोन काढला, परत खिशात घातला, परत काढला. मी पाय हलवले नाहीत. मला घाई नव्हती, पुऱ्या तळून झाल्या होत्या.

लावला एकदाचा.

"स्पीकरवर," मी म्हटलं. "आणि मराठीत."

"सर, दसऱ्याच्या शुभेच्छा. सर, एक बोलायचं होतं. काल मी आईबद्दल बोललो ते चुकीचं बोललो. तिला कळतं."

"पुढे," मी म्हटलं.

"आणि मी तिला आधी काही सांगितलं नव्हतं. ते मी... ते तसं नव्हतं, सर."

पलीकडून रवींद्र सर म्हणाले, "अरे, त्यात काय एवढं." मागून सुलेखाबाईंचा आवाज आला, कोण आहे म्हणून. "शैलेंद्र आहे," ते म्हणाले, आणि आवाज खाली करून म्हणाले, "बरं केलंस. आईंना नमस्कार सांग."

"ऐकला," मी म्हटलं.

फोन बंद झाला. शैलेंद्रचे कान लाल झाले होते. शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हा व्हायचे तसे. तो परत वाकला. मी एक पाय पुढे केला.

तो थांबला. "दुसरा?"

"दुसरा दिवाळीला. तोवर बघू."