चव घेणारी

वत्सलाने जन्मात दारू प्यायली नव्हती. ती फक्त चव घ्यायची. दातिवऱ्याच्या खाडीकाठी तिच्या नवऱ्याची, वामनची, हातभट्टी होती आणि पहिली धार वत्सलाच चाखायची. धार कडक की मिळमिळीत, हे तिच्या जिभेइतकं कुणाला कळत नसे. एक पेला, मग दुसरा, खात्रीला तिसरा. अशी पंधरा वर्षं. याला काय पिणं म्हणतात? पितात ते पुरुष!

अठ्ठ्याहत्तर साली धाड पडली आणि दोघं तुरुंगात गेली. तिसऱ्या दिवशी दोघांचेही हात थरथरू लागले. वामनने सरळ बोंब ठोकली, "सायेब, बेवडा हाय मी, मेलो!" लगेच डॉक्टर, सुई, गोळ्या, वर शिपायाची विडी. बायांच्या कोठडीत नुसती विडी मागायचीही चोरी.

वत्सलाने हात पदरात गुंडाळले. लेकीचं, सुगंधाचं, लग्न पाम गावात जमलं होतं. आई बेवडी निघाली तर ती माणसं सोयरीक मोडून मोकळी झाली असती. भिंतीवरून खेकडे उतरताना दिसले तरी बाई गप्प! पण अंगाला झटका आला, तशी लाकूडतोडीच्या गुन्ह्यातली म्हातारी भागी ओरडली, "हिच्या अंगात देवी आली!" झालं. बाया पाया पडल्या, कपाळभर कुंकू फासलं.

दुसऱ्या झटक्यानंतर वत्सला घाबरली. आपण मेलो तर पोरीच्या मागे कोण? होऊ दे बेअब्रू. तिने डॉक्टरला बोलावून घेतलं.

"मी पन पिते," ती म्हणाली. "त्यांना दिली तीच सुई मला द्या."

डॉक्टरने तिच्या कुंकवाकडे पाहिलं, हसला आणि वामनला दाराशी बोलावलं. "काय रे, बायको पिते तुझी?"

वामन आता चांगला टवटवीत झाला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं पेला भरून देणारा तोच.

"आमच्या घरातली बाई दारूला शिवत नाय, सायेब. आईशप्पत."

मेल्या, खरं बोल! वत्सलाला ओरडायचं होतं, पण जीभच वळेना.

"अंगात येतं त्याला माझ्याकडे सुई नाही," असं म्हणून डॉक्टर गेला.

भागीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात तिसरा झटका आला आणि वत्सलाचे दात घट्ट मिटले. भागीने हात जोडले.

"आये, सांग ना, मी कवा सुटन?"