माळावरची काळी शीर

आईनं तोंड उघडलं की वाल्मिकचा मोबाईल नेमका कानाला लागायचा. बायडाबाईला ह्या सवयीची भारी चीड. पोटचा पोरगा असला म्हणून काय झालं, अन् गावचा उपसरपंच असला म्हणून काय झालं! गेल्या साली त्यानं माळावर पाचशे झाडं लावली. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. चैत्रापर्यंत नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. खड्ड्यांपायी गवत गेलं ते वेगळंच. फोटो मात्र गावोगाव फिरले. तुमच्या-आमच्या गावात दुसरं काय होतं?

यंदा पावसाआधी पुन्हा खड्डे. रांगेच्या आड येत होती ती काळ्या खडकाची शीर. जमिनीत पुरलेल्या भिंतीसारखी माळभर गेलेली. तिच्या वरच्या अंगाला एक झिरा. भर वैशाखातही त्यात घागरभर पाणी. तित्तर, ससे, खोकड, साऱ्या माळाची तहान तेवढ्यावर भागायची.

सलमान जेसीबी घेऊन आला, तर बायडाबाई खडकावर फतकल मारून बसलेली.

"मावशी, उठा की. फुकट डिझेल जळतंय."

"जळू दे. माझं काळीज जळतंय, ते दिसंना व्हय तुला?"

"आई, लोकं बघत्यात!" वाल्मिक खेकसला. "झाडं लावतोय मी, दारूचं दुकान न्हाई काढत. ऊन किती वाढलंय, सावली नको?"

"म्हनूनच सांगते. औंदा हिरी आटल्या, तरी हितं पानी हाय. ह्या दगडानं धरलंय ते."

"वनखात्याच्या साहेबांनी नकाशा दिलाय."

"साहेब कवा बसला हितं उनाचा?"

वाल्मिकनं शिरेच्या लांबच्या टोकाकडं हात केला. सलमाननं नाइलाजानं तिकडं बकेट टेकवलं. कडाड! टवका उडाला, भेग उघडी पडली अन् पाण्याची बारीक धार मुरमात जिरत गेली. दुपारपर्यंत झिऱ्यात उरला चिखल अन् धापा टाकणारा एक बेडूक. तित्तराची मादी पिलांना घेऊन काठाशी आली, थबकली, तशीच माघारी फिरली.

सलमाननं कुणी न सांगता मशीन बंद केलं. वाल्मिक भेगेवर तळवा दाबून बसला. बोटांमधून पाणी गळतच होतं.

"आई, मला वाटलं, नुसता दगड हाय."

"घोडेगावच्या बाजारात बैल घेताना दात बघतोस, खूर बघतोस, चार पावलं चालवून बघतोस. अन् ह्या जमिनीला एकदाबी हात लावून बघितलं न्हाईस! अरं, गवताच्या जागी गवत राखावं, दगडानं पानी धरलं तिथं दगड राखावा. ऊन असंच वाढत जानार. मुक्या जिवाच्या आसऱ्याच्या जागा आपनच फोडल्या, तर तुझी झाडं सावली कुनाला देनार? ऊठ, चिकन माती आन, भेग लिंप. पानी परत धरायचं का न्हाई, ते आता दगड ठरवंल. तुझं ठरवून झालंय!"