मोकळ्या जागा

या माउली, जरा जवळ सरकून बसा. जानेफळच्या एका कीर्तनाची गोष्ट सांगायची आहे.

सुचितानं सभामंडपात पुस्तिकांचा गठ्ठा सोडला, वरची प्रत उघडली. पानभर शब्दांच्या मधे इवल्या, पसरट वाट्यांसारख्या खुणा उमटल्या होत्या.

कीर्तनकार वैजनाथबुवांनी अखेरच्या आजारपणात फोनवर टाइप केलेलं हे निरूपण. पहिल्या पुण्यतिथीला ते छापावं म्हणून त्यांची लेक गार्गी खामगावला अक्षरजुळणी करणाऱ्या सुचिताकडे आली होती.

"ताई, बाबानं जसं लिवलं तसंच पायजे. मंधातली मोकळी जागाबी हालवू नका."

बुवा तिथं टाळकऱ्यांसाठी थांबत असतील, असं गार्गीला वाटे. पण सुचिताचं सॉफ्टवेअर कितीही मोकळी जागा दिली तरी आवळून एकच ठेवी. म्हणून तिनं मजकूर 'जसाच्या तसा' दाखवणारं सेटिंग लावलं, आणि सगळ्या जागा शाबूत आहेत ना, हे पडताळायला त्यांच्या खुणा दिसतील असं केलं. छापायला देताना त्या खुणा बंद करायच्याच राहून गेल्या.

आता सांगणार कधी? गार्गी नारदाच्या गादीवर उभी राहिली होती. पुस्तक धरून कीर्तन कोणी करत नाही. पण बापाचा शब्द इकडचा तिकडे नको म्हणून तिनं हीच पुस्तिका हातात धरली होती. तिचं हे पहिलंच कीर्तन. अडखळली, तर बुवाच्या पोरीले वाचूनबी जमलं नाही, असं गाव जन्मभर म्हणणार.

खूण आली की गार्गी थांबे. मृदंग थांबे. पानं उलटली तशा खुणा दाटत गेल्या, थांबणं लांबत गेलं. मागं कोणीतरी कुजबुजलं. शेवटच्या ओळीत चार शब्द होते, आणि पुढं पानाच्या कडेपर्यंत नुसत्या खुणा.

गार्गी त्या ओळीवर उभीच राहिली.

सुचिता पुढच्या रांगेत बसलेल्या सत्यभामाबाईंपाशी, बुवांच्या पत्नीपाशी, वाकली. खुणा आपल्या चुकीनं राहिल्या, असं कसंबसं म्हणाली.

बाईंची नजर लेकीवरून हलली नाही.

"दम लागला का त्याईचा अंगठा मोकळ्या जागेच्या बटनावर तसाच दबून राहे," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटी फोन मीच काढला हातातून."

मंडपात टाळ वाजला नाही. गार्गीलाही कोणी पुढं म्हण म्हटलं नाही.

माउली, बोलता बोलता कधी दम लागला, थांबावं लागलं, तर वैजनाथबुवांची तेवढी आठवण काढा.