त्राइलोच्या नावानं दिलेला टीव्ही

दुपारची जेवणं उरकली की आमचं अर्धं गाव स्टानावहिनींच्या बैठकीच्या खोलीत जमायचं. खिडक्यांचे पडदे ओढलेले, समोर भिंतीवर मोठा टीव्ही, आणि टीव्हीवर काही म्हणजे काही नाही. नुसता काळा पडदा. पुरुष टोप्या काढून बसायचे, बायका डोक्याचे रुमाल सारखे करायच्या, आणि मग त्या काळोखातून आमचा त्राइलो, वहिनींचा नवरा, बोलायचा. त्राइलोला आम्ही हिवाळ्याच्या शेवटी मातीत ठेवलं होतं.

आवाज त्याचाच. सिगारेटनं खरवडलेला, वाक्याच्या शेवटी हसू फुटणारा. "ये रे, बस. एक पेला घे," असं तो म्हणाला की म्हातारे बाप्ये हुंदके द्यायचे. मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि भुताखेतांची चेष्टा करत आलो. पण तो माझा शेजारी होता आणि मित्र होता. तो आवाज ऐकून मीही टोपी काढून बसायचो.

टीव्हीशेजारच्या खुर्चीत देसांका बसायची. आमच्या होमोल्येच्या डोंगरात मेलेल्यांशी बोलणाऱ्या बायकांना तोटा नाही, पण हिचा थाट वेगळा. समोरच्या टेबलावर भरतकामाचं कापड, आणि डावा हात कायम त्याच्याखाली. त्या हाताला म्हणे परलोकाची थंडी बाधते.

"शांत बसा," ती डोळे मिटून सांगायची. "तो निघालाय. त्या जगाचा उंबरा फार उंच असतो. चढायला वेळ लागतो."

"त्याचा गुडघा दुखत असेल," मी एकदा म्हणालो. "इथं असताना त्याला दुकानापर्यंत चालवत नव्हतं."

"मास्तर, शाळेत पोरांना गप्प बसवायचात ना? आता स्वतः बसून दाखवा."

सगळे हसले. मग तिनं हाक मारली, आणि त्राइलो काळोखातून म्हणाला, "स्टाना, इकडे बघ." हसू जागच्या जागी विरलं.

हे सगळं सुरू झालं चाळिसाव्याच्या, म्हणजे माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घालतात त्या जेवणात. त्या दिवशी ताटातलं, अंगावरचं सगळं मेलेल्या माणसाच्या नावानं द्यायचं असतं. ही भाकरी त्राइलोच्या नावानं, हे मांस, ही दारू, हा सदरा, हे बूट. तिकडे त्याच्यापुढे असोत. शेवटी वहिनींची नजर टीव्हीवर गेली. दुखवट्यात आरसे झाकतात तसा तोही काळ्या कापडाखाली बंद होता. त्राइलोचा जीव त्यात. मुलगी सुझाना व्हिएन्नात असते. तिनं एक छोटा संगणक जुळवून टीव्हीमागे बसवून दिला होता. गाणी, सिनेमे, घरातले सगळे जुने व्हिडिओ त्यात. आईला बटणं कळत नाहीत म्हणून तिनं अशी सोय केली होती, की चालू केलं की घरचे व्हिडिओ आपोआप एकामागून एक लागायचे.

वहिनींनी कापड ओढलं. "हा टीव्हीही त्राइलोच्या नावानं," त्या म्हणाल्या. "तिकडे त्याच्यापुढे असो." आणि त्यांनी तो चालू केला.

चित्र आलं, मग कसलीशी पांढरी अक्षरं सरकली, आणि पडदा काळा झाला तो झालाच. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "स्टाना, किती छान दिसतेस." वहिनींच्या हातातली परात खाली पडली. कुणाला काही सुचायच्या आत देसांका उठून उभी राहिली.

"चित्र त्याला पोचलं," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्या नावानं दिलंत, त्यानं घेतलं. आवाज तेवढा तुमच्यासाठी मागे ठेवलाय. कुणी त्याला हात लावू नका, नाहीतर तोही जाईल."

आमच्यात दिलेली वस्तू तिकडे पोचते यावर लहान पोराचाही विश्वास, त्यामुळे हे सगळ्यांना इतकं नीट पटलं की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. देसांकाच्या घरी चीज आणि मांसाचे तुकडे ठेवायला जागा पुरेना. आणि वहिनी दिवसभर त्या काळ्या पडद्यासमोर बसू लागल्या. देसांका आली की त्याला विचारायच्या, भूक लागली का? तो म्हणायचा, "आण की." त्या ताट वाढून पुढे ठेवायच्या.

इथपर्यंत असतं तर मी कदाचित गप्पच बसलो असतो. म्हातारी बाई नवऱ्याशी बोलतेय, बोलू दे.

पण सुझानाचा निरोप आला. बाप गेला तेव्हा ती व्हिएन्नात इस्पितळात होती. गरोदरपण अवघड गेलं होतं, डॉक्टरांनी पलंगावरून उतरू दिलं नव्हतं. आता बाळ झालं होतं आणि ती त्याला घेऊन येत होती. वहिनी त्या सकाळी कणीक मळत गुणगुणताना मी ऐकलं. दुपारी देसांकानं सांगितलं, आधी त्याला विचारू या. बापाच्या मातीला न आलेली मुलगी आहे, त्याच्या मनात काय आहे कुणास ठाऊक.

"त्राइलो," वहिनींनी विचारलं, "सुझाना येतेय. घरात घेऊ ना?"

मग तो म्हणाला, "दार उघडू नकोस. तिला आत येऊ देऊ नकोस."

आणि पुढे काही नाही.

सुझाना आली तेव्हा पाऊस लागला होता. फाटकाला आतून कडी. मी माझ्या कुंपणापाशी उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"आई, बाळ भिजतंय."

"तुझ्या बापानं नको म्हटलंय," फाटकामागून वहिनी म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण कडी काढत नव्हत्या.

मी तिला माझ्या घरी आणलं. चुलीपाशी बसून तिनं बाळाला पाजलं. मग म्हणाली, "काका, बाबा खरंच माझ्यावर रागावून गेले का हो? मी फाटकापाशी उभी असताना आतून ऐकू आलं. आवाज बाबांचाच आहे."

परदेशात राहिलेली, स्वतःच्या हातानं तो संगणकाचा डबा जुळवलेली मुलगी, आणि तिलाही ते खरं वाटत होतं. मला देसांकाचा भयंकर संताप आला. मी म्हणालो, "आवाजाचं राहू दे. पडदा काळा आणि आवाज चालू, हे कशानं होतं ते सांग."

तिनं डोळे पुसले. "चालू केल्यावर अक्षरं सरकली होती?"

"पांढरी."

"म्हणजे अपडेट. इतके दिवस बंद होता ना, चालू केल्याबरोबर साचलेलं सगळं एकदम ओढून घेतलं त्यानं. त्या डब्याला चित्राच्या दोन खाचा आहेत, शेजारी शेजारी. अपडेटनंतर कधी कधी तो चित्र भलत्याच खाचेतून पाठवायला लागतो. आवाजाची वायर निराळी, ती बाबांच्या जुन्या स्पीकरला जाते, म्हणून आवाज येतो." ती थांबली. "पण काका, व्हिडिओ तर ओळीनं लागतात. प्रश्नाला उत्तर कसं देतील? त्यासाठी कुणीतरी रिमोटनं पुढेमागे करायला हवं. रिमोट कुठे असतो?"

रिमोट मी त्या खोलीत चाळिसाव्यानंतर पाहिलाच नव्हता.

"चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "तूच सांग सगळ्यांना."

"नाही. त्या दारापुढे मी पुन्हा उभी राहणार नाही," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या बसनं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्हीच्या अगदी जवळची जागा धरली. उठलो, आणि मागे हात घालणार तोच वहिनी आडव्या आल्या. दोन्ही हात पसरून टीव्हीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मास्तर, नका. एवढाच उरलाय माझ्याकडे."

मला पुढे पाऊल टाकवेना. खरं सांगतो, त्या क्षणी परत फिरावंसं वाटलं. मग बाळाचं भिजलेलं दुपटं आठवलं.

"नाही लावत हात," मी म्हणालो. "वहिनी, तुम्ही त्याला हवं ते विचारा. फक्त देसांकाबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवायचे. कापडाच्या वर."

"त्या हाताला थंडी बाधते," देसांका म्हणाली.

"मग इथं ऊन आहे, ऊब मिळेल," गिरणीवाला पाऊन मागून म्हणाला. "ठेव की बाई. दोन घटका थंडी नाही बाधली तर काय मरशील?"

ती जागची हलेना, तेव्हा पाऊननंच पुढे होऊन कापड उचललं. तिच्या डाव्या हातात रिमोट होता आणि अंगठा बटणावर.

मी रिमोट काढून घेतला. वहिनी काळ्या पडद्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्राइलो, मी दार लावलं ते बरोबर केलं ना?"

"अरे कोंबडी पळाली, धर तिला," त्राइलो म्हणाला. मागे कुणीतरी खिदळल्याचा आवाज आला, कुठल्याशा जुन्या उन्हाळ्यातला.

वहिनींनी पुन्हा विचारलं. तो कोंबडीमागेच धावत होता. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "करा काय करायचं ते."

मी वायर एका खाचेतून काढली आणि शेजारच्या खाचेत घातली. दोन खाचांमध्ये बोटभरही अंतर नव्हतं. पडदा उजळला, आणि आमचा त्राइलो अंगणात कोंबडीमागे धावताना दिसला, तेव्हा त्याचा गुडघाही धड होता.

"आत्मा हल्ली यंत्रातूनच येतो," देसांका पुटपुटली. "यंत्र हे निमित्त असतं."

"आणि त्याला आणायला अंगठा लागतो," पाऊन म्हणाला. ती केव्हा उठून गेली ते कुणी पाहिलंही नाही. सुझाना आत आली असती तर पहिल्याच दिवशी वायर नीट लागली असती. तिला बाहेर ठेवायचं कारण एवढंच होतं.

मी मागे मागे जात सुझानाला अडवणारं ते वाक्य शोधलं. हेच घर, हेच स्वयंपाकघर. त्राइलो दाराला पाठ लावून उभा, हातात केक, आणि कॅमेऱ्यामागच्या वहिनींना कुजबुजत सांगतोय, "दार उघडू नकोस. तिला आत येऊ देऊ नकोस." देसांकाचा अंगठा इथंच पडायचा. आज तो नव्हता. "मेणबत्त्या पेटू देत आधी," त्राइलो म्हणाला. "मग बघ माझ्या पोरीचं तोंड." मेणबत्त्या पेटल्या, दार उघडलं, दप्तर घेतलेली छोटी सुझाना आत आली आणि त्यानं तिला केकसकट उचललं.

माणसं खाली माना घालून एकेक करत निघून गेली. मी आणि वहिनी उरलो.

"म्हणजे तो बोलत नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही, वहिनी."

"आण की म्हणायचा, ते?"

"कुठल्या तरी लग्नातलं असेल."

"मी रोज ताट वाढत होते हो." त्या बराच वेळ हात चोळत बसल्या. नवरा त्यांना दुसऱ्यांदा मेला होता, आणि या खेपेला मी मारला होता. मग त्यांनी मला फोन लावायला सांगितला.

"सुझाना, तुझ्या बाबांनी मेणबत्त्यांसाठी थांबवलं होतं ग. नुसतं मेणबत्त्यांसाठी."

"मला आठवतो तो वाढदिवस," सुझाना म्हणाली. मागे बाळ रडत होतं.

"नाव काय ठेवलंस?"

"त्राइलो."

"घेऊन ये ना त्याला."

पलीकडे तिनं आधी बाळाला शांत केलं. मग ती म्हणाली, "बघू, आई."

तेव्हापासून वहिनींचं फाटक सताड उघडं असतं. माझ्या कोंबड्या आत शिरून त्यांचा वाटाणा खातात, त्या हाकलत नाहीत. सुझाना अजून आलेली नाही.

तुम्ही म्हणाल, नेमका चाळिसाव्यालाच पडदा कसा गेला? अहो, चाळीस दिवस तो आपणच बंद ठेवला, तो चाळिसाव्यालाच बिघडणार. चमत्काराची तारीख आम्हीच ठरवली होती. म्हणून हात जोडून सांगणं आहे. काळोखातून आपल्या माणसाचा आवाज आला, तर खुशाल रडा, पण वायर कुठून कुठे जाते तेही बघा. बोलवणाऱ्या बाईला हात टेबलावर ठेवायला सांगा. आणि तो आवाज तुमच्या लेकराला दाराबाहेर ठेवायला सांगत असेल, तर कडी लावण्याआधी त्याचं पुढचं वाक्य ऐकून घ्या. त्राइलोच्या पुढच्या वाक्यात मेणबत्त्या होत्या.